बलून गोबर गॅस संयंत्र : चुलीचा अनुभव आणि माहितीपत्रकातल्या मिथेनचा हिशेब

वणी तालुक्यातल्या आमच्या भागात गेल्या काही वर्षांपासून कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या बलून पद्धतीच्या गोबर गॅस संयंत्रांचे विक्रेते वरचेवर फिरकू लागले आहेत. आम्ही त्यांच्याकडून दोन घनमीटर क्षमतेचे संयंत्र घेतले आणि उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्ही ऋतूंत त्यावर घरचा स्वयंपाक झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारच्या सगळ्याच संयंत्रांची रचना जवळपास सारखी असते आणि माझ्या बहुतेक तक्रारी त्या रचनेबद्दलच आहेत.

विक्रेत्याने दिलेल्या रंगीत माहितीपत्रकात दोन दावे आहेत. पहिला घरगुती आहे : सरपणाचा आणि सिलिंडरचा खर्च वाचेल, शिवाय शेताला चांगली स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरणारे पातळ शेणखत, मिळेल. दुसरा साऱ्या जगाला कवेत घेणारा आहे. एका बाजूला गाय, दुसऱ्या बाजूला कोळशाची खदान आणि तेलाची विहीर अशी चित्रे काढून खाली लिहिले आहे की शेतीतून बाहेर पडणारा मिथेन, म्हणजे पृथ्वी तापवणारा एक वायू, कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू या तिन्ही उद्योगांच्या मिथेनपेक्षा जास्त असतो, आणि हे संयंत्र बसवले की ‘तुमच्या गुरांचा मिथेन थांबतो’. घरगुती दावा बव्हंशी खरा निघाला. दुसऱ्या दाव्यातला तुलनेचा भाग आकड्यांपुरता खरा आहे, गुरांचा मिथेन थांबण्याचा भाग चुकीचा आहे, आणि हे दोन्ही भाग शेजारी ठेवून शेतकऱ्याच्या मनावर जे बिंबवले जाते ते अधिकच चुकीचे आहे. खदानीपासून दोन-चार कोसांवर राहून कोळशाच्या ट्रकांची धूळ पऱ्हाटीवर झेलणाऱ्या माणसाला हे चित्र जरा जास्तच खटकते.

आधी वस्तूबद्दल लिहितो. संयंत्र म्हणजे जाड, दुहेरी थराच्या प्लास्टिक कापडाची लांबट पिशवी, एका टोकाला शेण कालवून ओतायचा पाइप, दुसऱ्या टोकाला स्लरी बाहेर पडायचा पाइप, वरच्या बाजूला गॅसची नळी आणि स्वयंपाकघरात एक खास बर्नर. गोठ्यामागे चर खोदून, त्याचे तळ आणि काठ मऊ मातीने चोपून पिशवी त्यात ठेवली जाते. काम एका दिवसात उरकते, गवंडी लागत नाही, आणि आमच्या जमिनीत ही फार मोठी सोय आहे. विदर्भातल्या गावोगावी जुन्या गोबर गॅसचे बंद पडलेले खड्डे दिसतात, त्याला सरकारी अनास्थेइतकीच आपली काळी माती कारणीभूत आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. दीनबंधू पद्धतीचा विटांचा घुमट तिच्या ओढाताणीत कुठेतरी तडकतो आणि गॅस कुठून जातो ते कळतही नाही. खादी ग्रामोद्योगाच्या पद्धतीतली तरंगती लोखंडी टाकी वेळच्या वेळी रंगवली नाही तर गंजते. पिशवीला यातले काहीच होत नाही. मात्र तिचे आयुष्य घुमटाएवढे नाही, कापडाचा उन्हाशी उभा दावा आहे, आणि वर सावली केली नाही तर आमच्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती किती वर्षे टिकेल याची खात्री विक्रेताही छातीठोकपणे देत नाही. आम्ही तुराट्यांचा मांडव घातला आणि भोवती काटेरी कुंपण केले, कारण बकऱ्यांना त्या फुगलेल्या पिशवीवर चढून बसण्याचा भारी सोस असतो.

किंमत बसवणुकीसह चाळीस हजारांच्या आत पडली. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या टप्प्यात दोन ते चार घनमीटरच्या संयंत्राला सर्वसाधारण गटासाठी १४,३५० रुपये साहाय्य ठरलेले आहे, पण त्यासाठी संयंत्राचा नमुना मान्यताप्राप्त असावा लागतो आणि अर्ज बसवणुकीच्या आधी करावा लागतो. विक्रेता ‘नंतर बघू, काका’ म्हणाला तर त्याचे ऐकू नये, एवढेच सुचवतो.

दोन घनमीटर गॅससाठी दररोज सुमारे पन्नास किलो ओले शेण आणि तेवढेच पाणी लागते. माहितीपत्रकात ‘चार ते पाच जनावरे पुरेशी’ असे लिहिले आहे आणि जनावरामागे दिवसाला दहा किलो शेण धरले तर गणित जुळतेही. परंतु आमची गुरे दिवसभर गुराख्याबरोबर चरायला जातात आणि त्यांचे निम्मे शेण धुऱ्यावर, रस्त्यावर आणि पडीक रानात राहते. गोठ्यात सकाळी जे सापडते त्यातून सडा-सारवणापुरते बाजूला काढल्यावर पाच जनावरांचे शेण पुरत नाही. आमच्याकडे दोन बैल, दोन गायी, एक म्हैस आणि एक कालवड एवढे असूनही पेरणीच्या दिवसांत, जेव्हा बैल दिवसभर वावरात असतात, तेव्हा पिशवी सैल पडते. पाण्याचेही तसेच आहे. वैशाखात जेव्हा गुरांना पाजायला बोअरचे पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा शेण कालवायला रोज पन्नास लिटर काढणे जिवावर येते. गोठा धुतलेले पाणी आणि गोमूत्र वापरून आम्ही ते निभावून नेले. गोमूत्र जास्त झाले तर मात्र गॅस मंदावतो, हे ध्यानात ठेवावे.

चुलीवरचा अनुभव चांगला आहे. ज्योत निळी, शांत आणि धुराविना असते. घरगुती सिलिंडरची शेगडी या गॅसवर चालत नाही, कारण गोबर गॅसमध्ये मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास असतो, उरलेला बहुतेक भाग कर्बवायूचा (कार्बन डायऑक्साइडचा) असतो आणि दाबही कमी असतो. म्हणून मोठ्या छिद्रांचा बर्नर लागतो आणि तो संचासोबत मिळतो. आईचे मत असे की सिलिंडरसारखी भसकन आच लागत नाही, पण भाकर छान फुगते. माझ्या बायकोचे मत थोडे कठोर आहे : डाळ शिजायला वेळ लागतो आणि पाहुणे आले की शेवटी सिलिंडरच काढावा लागतो. दोघींचेही बरोबर आहे. एक घनमीटर गोबर गॅस साधारण साडेचारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसचे काम करतो, त्या हिशेबाने दोन घनमीटरमध्ये पाच-सहा माणसांचा दोन वेळचा साधा स्वयंपाक बसतो, पंगत बसत नाही. पौष-माघातल्या थंडीत, जेव्हा पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा पिशवीतले जिवाणू सुस्तावतात आणि गॅस निम्म्यावर येतो. नळीत बाष्पाचे पाणी साचून ज्योत फडफडू लागली की सर्वांत खालच्या जागेवरची तोटी उघडून ते काढून टाकावे लागते. हे काम विक्रेत्याने दाखवले नव्हते, शेजारच्या गावातल्या जुन्या गोबर गॅसवाल्याने दाखवले. स्लरीबद्दल मात्र तक्रार नाही. ती शेणखतापेक्षा लवकर लागू पडते, तिच्यात तणाचे बी फारसे जिवंत राहत नाही, आणि अंगणालगतच्या भाजीपाल्यावर तिचा गुण स्पष्ट दिसला. कपाशीच्या वावरापर्यंत ती ओली न्यायला बंडीवर टाकी लागते, एवढीच अडचण आहे.

आता माहितीपत्रकातल्या मिथेनकडे वळतो. गाय, बैल आणि म्हैस यांच्या पोटातल्या पहिल्या मोठ्या कप्प्यात कुटार आणि कडबा कुजवणारे सूक्ष्मजीव राहतात. त्या कुजण्यातून निघणाऱ्या हायड्रोजनपासून तिथले दुसरे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात आणि जनावर तो रवंथ करताना ढेकरांतून आणि श्वासातून बाहेर टाकते. पोटातल्या मिथेनचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग तोंडावाटे जातो. शेण ओतायच्या पाइपाशी त्याचा काहीही संबंध येत नाही. आयपीसीसी या हवामानविषयक आंतरसरकारी समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडासाठी दुभत्या गायीमागे वर्षाला ५८ किलो, म्हशीमागे ५५ किलो आणि बैल-कालवडीसारख्या इतर जनावरामागे २७ किलो असा पोटातल्या मिथेनचा ढोबळ आकडा दिलेला आहे. शेणातून सुटणाऱ्या मिथेनचा आकडा त्याच मार्गदर्शिकेत इतर जनावरांमागे २ किलो आणि दुभत्या गायी-म्हशींमागे ५ किलोच्या आसपास आहे. आमच्या गोठ्याला हे आकडे लावले तर तोंडावाटे २५२ किलो आणि शेणातून अवघे २१ किलो असा वर्षाचा हिशेब निघतो. संयंत्र कितीही चोख चालले तरी ते या एकवीस किलोंनाच हात लावू शकते, अडीचशेला लावू शकत नाही.

शेणाचा आकडा इतका लहान का, हे समजून घेण्यासारखे आहे. मिथेन तयार व्हायला हवाबंद ओल लागते. आपल्याकडे शेण उकिरड्यावर पडते, उन्हाने वाळते, त्याच्या गोवऱ्या होतात, म्हणजे त्याला हवा मिळते आणि त्यातून मिथेन फारसा बनत नाही. युरोप-अमेरिकेतल्या हजार-हजार गायींच्या गोठ्यांत शेण पाण्याने वाहवून मोठ्या तळ्यांत साठवतात, तिथे ते महिनोन्महिने हवेविना कुजते आणि मिथेनचे ढग सोडते. त्या तळ्यांवर आच्छादन घालून गॅस पकडला तर खरोखर मोठा फायदा होतो. आमच्या माहितीपत्रकातले वाक्य तिकडच्या गोठ्यांसाठी लिहिलेले असावे आणि इकडच्या गायीच्या चित्राखाली जसेच्या तसे उतरवलेले असावे, असा माझा अंदाज आहे.

यापुढचा मुद्दा विक्रेत्याने कधीच काढला नाही, आणि माझ्या मते या वस्तूच्या परीक्षणात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. उकिरड्यावर ज्या शेणातून एकवीस किलो मिथेन निघाला असता, त्याच शेणातून हे संयंत्र, ते पूर्ण क्षमतेने चालले तर, वर्षाला सुमारे २९० किलो मिथेन मुद्दाम तयार करते. तो सगळा जळाला तर उत्तमच, कारण जळाल्यावर त्याचा कर्बवायू होतो आणि तो कर्ब काही महिन्यांपूर्वी गवताने हवेतूनच घेतलेला असतो. पण त्यातला सात टक्के वायू जरी न जळता हवेत गेला तरी शेणाच्या बाबतीत वाचवलेले सगळे मिथेन परत गमावले जाते. आणि सात टक्के ही फार मोठी गळती नव्हे. पिशवी भरली की जादा गॅस सुटावा म्हणून नळीला एक सुरक्षा झडप जोडलेली असते. ती म्हणजे पाण्याची एक पारदर्शक बाटली, जिच्यात नळीचे टोक थोडे बुडवलेले असते. लग्नसराईत आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो आणि परत आलो तेव्हा त्या बाटलीतून बुडबुडे सारखे वर येत होते. जो वायू थांबवल्याची जाहिरात होती, तोच गुरांच्या डोक्यावरून सुटत होता.

त्यानंतर मी नळीच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. पिशवीतून गॅस बाहेर काढणाऱ्या तोंडाशी, जिथे रबरी वॉशर आणि प्लास्टिकची चकती आवळलेली असते, तिथे फेसात बारीक बारीक मणी फुगून फुटत होते. नाकाला वास येत नव्हता, कारण दुर्गंध शोषून घ्यायला नळीत बसवलेल्या लोखंडी किसाच्या डबीमुळे नव्हे, तर उघड्यावर एवढ्याशा गॅसचा वास वाऱ्यात विरून जातो म्हणून. चकती पाव फेरा आवळल्यावर मणी थांबले. कंपनीच्या माणसाने बसवणुकीच्या वेळी ही चाचणी केली नव्हती आणि सोबतच्या पुस्तिकेतही ती नाही. सुरक्षा झडपेतून सुटणारा गॅस टाळण्यासाठी दोन उपाय आहेत : बाहेरगावी जाण्याच्या दोन दिवस आधीपासून शेण कमी घालायचे, किंवा शेजाऱ्याला चूल वापरायला सांगायचे. आम्ही आता दुसरा करतो आणि शेजारणीला तो फार आवडला आहे.

या सगळ्याचा अर्थ संयंत्र हवामानाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, असा मी काढत नाही. त्याचा खरा फायदा गुरांच्या बाजूला नसून चुलीच्या बाजूला आहे. पूर्वी आमच्याकडे पावसाळा सोडला तर पऱ्हाट्या आणि तुराट्या जळत. त्यांच्या अर्धवट ज्वलनातून धूर, काजळी आणि थोडा मिथेनही निघतो, आणि तो आधी बायकांच्या छातीत जातो. सिलिंडरचा गॅस तर थेट तेल आणि वायू उद्योगातून येतो. भारतात वापरल्या जाणाऱ्या सिलिंडर गॅसपैकी निम्म्याहून जास्त आयात होतो आणि तो मुख्यतः आखाती देशांतून येतो. तो काढताना, शुद्ध करताना आणि वाहून आणताना तिकडच्या विहिरींतून आणि नळांतून जो मिथेन गळतो, तो भारताच्या वहीत कुठेच दिसत नाही. माहितीपत्रकात चूल आणि सिलिंडर यांचे चित्र गायीच्या जागी काढले असते तर माझी काही हरकत नव्हती.

आता राहिली ती शेती आणि खनिज इंधन यांची तुलना. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक मिथेन अहवालात मानवी कारणांनी सुटणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ४० टक्के शेती आणि पशुपालनाचा, ३५ टक्के खनिज इंधनांचा आणि २० टक्के कचरा-सांडपाण्याचा असे वाटप दिले आहे. भारताचे चित्र याहून एकतर्फी आहे. देशाने २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या तिसऱ्या द्वैवार्षिक अहवालानुसार २०१६ साली आपल्या मिथेनपैकी ७३.९६ टक्के शेतीतून, १४.४६ टक्के कचऱ्यातून आणि केवळ १०.६२ टक्के ऊर्जाक्षेत्रातून आला. तेव्हा ‘शेतीचा मिथेन जास्त’ हे वाक्य खोटे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात गायी-बैल आणि म्हशी मिळून तीस कोटींहून अधिक जनावरे मोजली गेली, आणि दुसरीकडे तेल आपण बहुतांशी आणि नैसर्गिक वायू साधारण निम्मा बाहेरून आणतो, त्यामुळे असे वाटप होणारच. परंतु ज्याच्या गोठ्यात सहा जनावरे आहेत त्याच्यासमोर तीस कोटींचा आकडा ठेवून त्याला एकवीस किलोंचे उत्तर विकणे मला रास्त वाटत नाही.

एका बैलाची तुलना कोळशाशी करून पाहिली तर हे अधिक स्पष्ट होते. जमिनीखालच्या कोळशाच्या थरात मिथेन मुरलेला असतो आणि कोळसा फोडला की तो सुटतो. भूमिगत खाणीतले लोक त्यालाच ‘गॅस’ म्हणतात आणि स्फोटाच्या भीतीने त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवतात; टनामागे किती गॅस निघतो त्यावरून आपल्याकडे भूमिगत खाणींचे तीन वर्ग पाडलेले आहेत. वणी, घुग्घुस, चंद्रपूर या पट्ट्यात आता बहुतेक कोळसा उघड्या खदानींतून निघतो. उघड्या खदानीसाठी आयपीसीसीची सरासरी टनामागे १.२ घनमीटर आहे, म्हणजे साधारण ८०० ग्रॅम मिथेन. या मापाने एका बैलाचा वर्षभराचा मिथेन चौतीस टन कोळशाच्या मिथेनएवढा होतो. चौतीस टन म्हणजे आमच्या रस्त्यावरून जाणारे एक-दोन ट्रक. नागपुरात मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या खाणी मिळून वर्षाला सहा कोटी टनांहून अधिक कोळसा काढतात. तो सगळा उघड्या खदानीतला धरून ढोबळ गुणाकार केला तर ४८ हजार टन मिथेन येतो, आणि तेवढा मिथेन वर्षाला सोडायला सुमारे अठरा लाख बैल लागतील.

तरीही कोळशाच्या बाबतीत मिथेन ही दुय्यम गोष्ट आहे, आणि मिथेनपुरतीच तुलना करण्यात हाच मोठा आडपडदा आहे. ते चौतीस टन वीजकेंद्रात जळाले की पन्नास टनांहून अधिक कर्बवायू हवेत जातो. आपल्या बैलाचा सत्तावीस किलो मिथेन शंभर वर्षांच्या मापाने, म्हणजे शंभर वर्षांत तो किती उष्णता धरतो हे पाहून, मोजला तर पाऊण टन कर्बवायूएवढा आणि वीस वर्षांच्या कडक मापाने मोजला तरी सव्वादोन टनांएवढाच भरतो. शिवाय मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो आणि मग त्याचा कर्बवायू होतो. गुरांच्या मिथेनमधला कर्ब गवतातून, म्हणजे हवेतूनच आलेला असतो आणि तिथेच परत जातो. खाणीतून किंवा विहिरीतून आलेल्या मिथेनमधला कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला होता आणि तो हवेत नव्याने भर घालतो.

म्हणून शेती निर्दोष ठरते, असे मात्र मी म्हणणार नाही. २००७ पासून हवेतला मिथेन पुन्हा वाढू लागला तेव्हापासून त्यातल्या कर्बाची जात बदलत गेली आहे, जड कर्बाचे (कार्बन-१३ चे) प्रमाण घटते आहे, आणि सूक्ष्मजीवांच्या मिथेनमध्ये हा जड कर्ब कमी असल्याने ही खूण पाणथळ जागा, गुरे आणि कचरा यांतल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवते. त्याच वेळी, ग्रीनलंडच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या २०२० मधल्या अभ्यासातून असेही दिसले की खनिज इंधनांचा मिथेन आजवर २५ ते ४० टक्क्यांनी कमी धरला गेला होता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितले की ऊर्जाक्षेत्राचा प्रत्यक्ष मिथेन देशांनी अधिकृतपणे कळवलेल्या आकड्यांपेक्षा सुमारे ७० टक्क्यांनी जास्त आहे. थोडक्यात, बैलाचा आकडा गुणाकाराने काढलेला आहे आणि विहिरीचा आकडा विहिरीच्या मालकाने सांगितलेला आहे.

दोन्ही बाजूंचा खरा फरक मला आकाराहून अधिक आवरण्याच्या सोयीत दिसतो. २०१५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसजवळच्या अलिसो कॅन्यन या वायुसाठ्याची एक विहीर फुटली आणि ती बुजवेपर्यंत पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यातून सुमारे ९७ हजार टन मिथेन सुटला, म्हणजे सुमारे छत्तीस लाख बैलांचा वर्षभराचा मिथेन एका भोकातून गेला आणि ते भोक बुजवताच थांबला. तेल-वायू उद्योगातली गळती झडपा, जोड आणि पंप नीट ठेवून आवरता येते आणि वाचलेला वायू विकताही येतो. ऊर्जा संस्थेच्या मते खनिज इंधनांचा सुमारे ७० टक्के मिथेन आजच्या तंत्राने कमी करता येईल. गुरांच्या ढेकरांना अशी झडप नाही. चारा सुधारला, ढेप आणि हिरवा चारा वेळेवर मिळाला तर दुधाच्या लिटरमागे मिथेन कमी होतो, पण कोरडवाहू शेतकऱ्याकडे उन्हाळ्यात सोयाबीनच्या कुटाराशिवाय दुसरे असते तरी काय? धानाचेही तसेच आहे. बांधीत साचलेले पाणी मध्येच सुकू दिले तर मिथेन बराच घटतो, हे सिद्ध आहे. पण माझी सासुरवाडी ब्रह्मपुरीकडची आहे आणि तिथल्या तलावाच्या पाण्याची पाळी एकदा गेली की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसल्याने भरलेली बांधी आपणहून कोरडी करायला कोणी धजावत नाही. २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर झालेल्या, २०३० पर्यंत ३० टक्के मिथेन कमी करण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर भारताने सही केली नाही, ती लहान शेतकऱ्यांच्या उपजीविकेचे कारण देऊन. मला ते कारण पटते. त्याच्या आडोशाने खदानी आणि वायुवाहिन्यांची मोजणी ढिली राहू नये, एवढीच माझी त्यात पुस्ती आहे.

संयंत्रासोबत एक अर्जही आला होता. संयंत्रामुळे होणाऱ्या उत्सर्जन-बचतीचे कार्बन क्रेडिट (अशा बचतीबद्दल मिळणारे, विकता येणारे प्रमाणपत्र) घेण्याचा हक्क शेतकरी कंपनीला देत आहे, असा त्यातला मजकूर होता आणि त्याबदल्यात किमतीत सवलत होती. त्या बचतीत जोडांची आणि सुरक्षा झडपेची गळती कशी मोजता, असे मी विचारले. विक्रेत्याने वरच्या साहेबांशी बोलून सांगतो म्हटले, सांगितले काही नाही, आणि मी सही केली नाही. सवलत गेली. ज्यांना ती हवी असेल त्यांनी सही जरूर करावी, फक्त आपण विकतो आहोत ती चुलीवरच्या सिलिंडर-सरपणाची बचत आहे, गुरांचा मिथेन नाही, हे कागदावर नीट वाचून घ्यावे.

गोठ्यात बांधून खाणारी सहा-सात जनावरे, घराजवळ पाणी आणि रोज सकाळी शेण कालवणारे दोन हात ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी हे संयंत्र घ्यावे. पाचपैकी साडेतीन गुण मी आनंदाने देतो. चराऊ गुरे आणि तुटपुंजे पाणी असेल तर एक घनमीटरचे लहान संयंत्र बरे. घेताना सावलीचा मांडव, सुटा वॉशर-संच आणि गॅस साठवायची जादा पिशवी या तीन गोष्टी भावात धरून मागाव्यात. वर्षातून एकदा साबणाच्या फेसाने सगळे जोड तपासण्याचे काम देखभाल करारात लिहून घ्यावे. आमच्या कंपनीने आधी टाळाटाळ केली, मग हमीच्या काळापुरते ते फुकट आणि पुढे पाचशे रुपयांत करून द्यायचे कबूल केले, आणि तो भाव मला वाजवी वाटला.